थंडीत मासा लागत नाही म्हणे!

मी एक जुनी गरी आहे. मासे धरायची गरी. मित्रांनो, मी जुनी म्हणाले, मोडकी म्हणाले नाही, हे आधी नीट ऐकून घ्या. माझा दांडा थोडा वाकला आहे आणि माझ्या दोऱ्याला जागोजागी गाठी आहेत, हे मला मान्य आहे. पण आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू पहिल्याच वाक्याला डोळ्यांत पाणी आणतात, तसं माझ्याकडून होणार नाही. माझा सगळा जन्म पाण्यापाशी गेला. आणखी पाणी मला नको.

माझा जन्म कुरखेड्याचा. तिथे बाजाराच्या मागच्या गल्लीत कमरुद्दीनभाऊंचं छत्री दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गोष्ट नव्वदनंतरची, लांब दांड्याच्या काळ्या छत्रीला अजून मान होता तेव्हाची. छत्री मोडली तर माणसं ती फेकून देत नसत, कमरुद्दीनभाऊंकडे आणत. त्या भाऊंनी मला विकत आणलं नाही, घडवलं. जंगलातला भरीव बांबू चुलीच्या धगीवर सरळ केला, तो माझा दांडा झाला. मोडक्या छत्रीची काडी तापवली, वाकवली, कानशीने घासून तिला टोक काढलं, तो माझा गळ. छत्रीच्या शेंड्याची पितळी टोपी दोऱ्याला बांधली, ते माझं वजन. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तेवढा बाजारातून आला. त्या दोऱ्यावर मोरपिसाचा देठ बसवला. तो पाण्यावर तरंगायचा आणि मासा लागला की बुडायचा. बाजारात टांगलेल्या चकचकीत गऱ्या मला हसल्या असतील तर हसोत. त्यांतली एक तरी आज धड आहे का, ते मला आणून दाखवा.

आता कमरुद्दीनभाऊंची अडचण ऐका. मासा गरीकडे धावून येतो तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात छत्रीवाल्याला मान वर करायला सवड नसते. उन्हाळाभर कापड शिवायचं, पावसाळाभर काड्या बसवायच्या. हात मोकळे व्हायचे ते थंडीत. तेव्हा भाऊ सायकलला पोतं बांधून आसपासच्या गावांत मोडक्या छत्र्या गोळा करायला जात. अशाच एका धानाच्या गावात मुखरूभाऊ नावाचे ढिवर, म्हणजे पिढीजात मासे धरणारे, त्यांचे दोस्त झाले. त्या गावाला मोठा तलाव होता.

त्या तलावाचा रिवाज मोठा मजेदार होता. मासे गावाच्या सोसायटीचे. बाहेरच्या माणसाने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे दोरा भिजवायचा नाही. थंडीचे महिने मात्र सगळ्यांना मोकळे. यात उदारपणा वगैरे काही नव्हता. थंडीत मासा गाळाशी जाऊन बसतो आणि गरीला लागत नाही, असं गावातल्या समस्त पुरुषांचं पक्कं मत होतं. लागतच नाही, तर बसेना का कोणी!

तर भाऊ मला घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसू लागले. मुखरूभाऊ जाता जाता विचारत, "का कमरुभाऊ, मासे धरून राह्यले का थंडी खाऊन राह्यले?" भाऊ हसत. पण त्यांना खरंच मासा धरायचा होता. त्यांचा दोष एकच, हात छत्रीवाल्याचा होता. दुरुस्त केलेली छत्री गिऱ्हाइकासमोर खटकन उघडून दाखवायची, हा त्यांचा रोजचा सराव. गळाशी जरा काही हललं की त्यांचं मनगट तसंच खटकन उडायचं, आणि मी आमिषासकट हवेत. थंडीतला मासा आमिष झडप घालून गिळत नाही, नुसतं तोंडात धरून बसतो. झटका बसला की तोंड उघडतो आणि मोकळा होतो. मला हे दोऱ्यातून कळत होतं, पण मला विचारतो कोण? दोन हिवाळे असेच गेले. मग भाऊंनी मला मोडक्या छत्र्यांच्या ढिगात खुपसलं आणि विसरून गेले.

कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. उंदरांनी दांड्यावर दात आजमावले. मित्रांनो, इथे दुसरी एखादी वस्तू रडली असती. मी चिडले. काम करून हरले असते तर गोष्ट वेगळी होती. माझ्याकडून काम करून न घेताच मला नालायक ठरवलं होतं, आणि ते मी कधीच कबूल केलं नाही.

मला त्या ढिगातून काढलं नाहीदने. ही भाऊंची मुलगी. दहावी झाल्यावर घरीच बसली आहे, असं लोक म्हणत. दुकानातल्या निम्म्या छत्र्यांचं कापड ही बसलेली मुलगीच शिवत होती. एक दिवस काडी शोधताना मी तिच्या हाताला लागले.

"अब्बा, ही मी घेऊ काय?"

"घे. पण काही लागत नाई तिले."

"तिले लागत नाई का तुमाले लागत नाई?"

 पुढच्या खेपेला सायकलवर पोत्याशेजारी भाऊंनी मलाही बांधलं. नाहीद मागे बसली. गावात पोचल्यावर भाऊ घरोघरी छत्र्या मागत फिरू लागले आणि नाहीद मला घेऊन पाळीवर गेली. पाण्यावर धुकं होतं. तिने गळाला गांडूळ लावलं, दोरा टाकला आणि मोरपिसाकडे डोळे लावून बसली. थोड्या अंतरावर घाटाच्या दगडावर मुखरूभाऊंच्या पत्नी आशाबाई भांडी घासत होत्या. बराच वेळ त्यांनी हा प्रकार पाहिला.

"काय करून राह्यली गं पोरी?"

"मासे धरून राह्यली."

"ते पीस पाण्यावर नाचवून? मासा तळाले झोपला आहे अन् तू त्याले वरून हाका मारून राह्यली!"

आशाबाई राखेच्या हातांनीच आल्या आणि त्यांनी माझं मोरपीस ओढून काढलं. मला भारी अपमान वाटला. ते पीस म्हणजे माझ्या अंगावरची एकुलती एक शोभेची गोष्ट होती. पण तेवढ्यात मला आणि नाहीदला एकदमच एक गोष्ट दिसली. आशाबाईंच्या पायाच्या अंगठ्याला लांबलचक तंगूस बांधलेला होता आणि तो मागे घाटाच्या पाण्यात गेला होता.

"हे काय आशाबाई?"

"माह्यी गरी. हात भांड्यात, पाय पाण्यात."

"थंडीत मासा लागते?"

"त्याले बी पोट आहे ना. पावसाळ्यावाणी धावत नाई, एवढंच."

"मंग गावात सगळे लागत नाई म्हणतात ते?"

"मले कोणी पुसलंच नाई," आशाबाई म्हणाल्या. घरात थंडीतही मासा शिजत होता आणि मुखरूभाऊ तो चवीने खात होते. बायको तांदूळ देऊन बाजारातून आणत असेल, असा त्यांचा समज होता. मासे धरणं हे आपलं काम, असं ते मानत. त्यामुळे घरात शिजणारा मासा दुसऱ्या कोणी धरला असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

त्या दिवसापासून आशाबाई नाहीदला शिकवू लागल्या. धुकं विरून ऊन पाण्यावर आल्याशिवाय बसायचं नाही. खोल पाण्याकडे जायचं नाही. जिथे उन्हाने गाळ कोमट होतो त्या गवताच्या कडेला दोरा टाकायचा. गांडुळाचा मोठा गोळा नको, एकच लहान झिंगा पुरे, कारण थंडीत माशाची भूक लहान असते. वजन तळाला टेकू द्यायचं. मग दोरा बोटभर ओढायचा आणि थांबायचं. पुन्हा बोटभर, पुन्हा थांबायचं. डोळ्यांनी काही पाहायचं नाही, दोरा बोटावर घेऊन बोटालाच विचारायचं.

"दोरा हलला का मासा, असं समजू नको. हलते ते गवत. जड झाला तर मासा."

"जड झाला तर ओढू?"

"नाई. थांब."

"किती वेळ?"

"त्याले वाटू दे का हे आता आपलंच आहे. मंग तू छत्रीचं कापड ताणते ना, तसं घे."

नाहीद हसली. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. छत्रीचं कापड काडीला शिवताना जोरात ओढलं तर टाका फाटतो आणि सैल सोडलं तर कापड लोंबतं. तो मधला ताण तिच्या बोटांत होताच. तरी लगेच काही जमलं नाही. पहिल्यांदा गवताचा भारा वर आला. मग गळ बुडातल्या एका मुळात अडकला आणि दोरा तुटला; नाहीदने पाण्यात उतरून गळ सोडवून आणला आणि दोऱ्याला गाठ मारली. बोटं गारठून अशी बधिर होत, की दोरा जड आहे की हलका हेच कळेना. मग ती हात काखेत दाबून ऊब आणायची आणि पुन्हा बसायची. एकदा रागाने तिने मला पाळीवर आपटलंही. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. ती माझ्यावर चिडली होती, मला सोडून गेली नव्हती.

आणि मग एका सकाळी दोरा जड झाला. हललं काहीच नाही. ओल्या कापडाचा बोळा कोणी हळूच गळाला अडकवावा, तसं वाटलं. नाहीदने श्वास रोखला. ती थांबली. माझ्या टोकाला कंप सुटला होता, पण तिचं मनगट शांत होतं. मग तिने ताण घेतला, हळूहळू, तुटू न देता आणि सैल न सोडता. पाणी फुटलं आणि काळी, चिवट मरळ गवतावर येऊन पडली. मित्रांनो, एवढ्या वर्षांनी माझ्या गळाने आपलं काम केलं. मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला प्रचंड गर्व वाटला.

संध्याकाळी कमरुद्दीनभाऊंनी ताटातली मरळ पाहून विचारलं, "कोणं देली?" नाहीदने कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं.  जेवून झाल्यावर भाऊंनी माझ्या दांड्याला जवसाचं तेल लावलं.

त्यानंतर त्या हिवाळ्यात नाहीद क्वचितच रिकाम्या हाताने परतली. तिथेच घात झाला. जोवर आम्हाला मासा लागत नव्हता, तोवर आम्ही गावाला चालत होतो. आता सायकलला लटकलेला मासा लोकांच्या डोळ्यांवर आला. अशातच एका सकाळी गवताच्या कडेला थोडी बारीक मासळी उलटी होऊन तरंगताना दिसली. कशाने मेली ते मला माहीत नाही. पण सोसायटीचे अध्यक्ष बापूराव यांना सगळं माहीत होतं. त्यांनी चावडीवर सांगून टाकलं, "थंडीत गरीले मासा लागत नाई, हे माह्या बापाच्या बापापासून आईकून राह्यलो. मंग ही पोरगी कुठून नेते? औषध टाकून राह्यली पाण्यात. अन् तिचा बाप तिले आणून सोडते."

पाण्यात विष कालवणं याहून वाईट काम ढिवराच्या गावात दुसरं नाही. पुढच्या खेपेला भाऊंना एकाही घरातून छत्री मिळाली नाही. बायका दारातूनच म्हणत, "आमची छत्री नाई मोडली, भाऊ." मुखरूभाऊ समोरून आले आणि मान खाली घालून निघून गेले. रिकामं पोतं घेऊन बापलेक घरी परतली. घरी येताच भाऊंनी मला आडवं धरलं आणि गुडघ्यावर टेकवलं.

"हिच्यापायी माह्यं नाव गेलं," ते म्हणाले. "हिले आजच मोडतो."

नाहीदने माझं दुसरं टोक घट्ट पकडलं. "मोडा. मंग लोक म्हणतीन, चोरी होती म्हणूनच मोडली."

"मंग काय करू मी?"

"मले घेऊन चाला. सगळ्याइच्या समोर बसते."

भाऊ कधी नव्हे ते हरल्यासारखे दिसत होते. पण दुसऱ्या दिवशी ते बापूरावांसमोर जाऊन उभे राहिले. बापूरावांनी अट घातली. पोरीने सगळ्यांदेखत बसावं. ऊन डोक्यावर येईपर्यंत मासा लागला नाही, तर बापलेकींनी या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही आणि गरी तिथेच मोडून टाकायची. नाहीद म्हणाली, "मंजूर." मलाही कोणी विचारलं असतं, तर मीही तेच म्हणाले असते.

ठरल्या सकाळी पाळीवर ही गर्दी! बापूरावांनी झिंग्यांचा डबा उघडून हुंगून पाहिला. नाहीदला हात धुवायला लावले. माझ्या दांड्यात काही भरलंय का, म्हणून मला ठोकूनही पाहिलं. घाटावर बायका रोजच्यासारख्या भांडी घासत होत्या. नाहीदने ऊन पाण्यावर येण्याची वाट पाहिली आणि गवताच्या कडेला दोरा सोडला.

बोटभर ओढला, थांबली. बोटभर ओढला, थांबली. लोकांना यात पाहण्यासारखं काही सापडेना. कोणी म्हणालं, "पीस बी नाई गरीले. समजते कसं?" कोणी म्हणालं, "झोपली वाटते पोरगी." ऊन चढत चाललं. बापूराव पुन्हा पुन्हा वर सूर्याकडे पाहू लागले. आणि दोरा जड झाला.

हे फक्त दोघींना कळलं, नाहीदला आणि मला. मग माझं टोक किंचित झुकलं आणि ते कमरुद्दीनभाऊंनी पाहिलं. "ओढ, बेटा, ओढ!" ते ओरडले. सगळी गर्दीच ओरडू लागली, "ओढ! ओढ!" नाहीदने ओढलं नाही. एवढ्या गर्दीत तिने बापाचंही ऐकलं नाही, आणि मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. ती थांबली. खाली माशाला वाटू दिलं, की हे आता आपलंच आहे. मग तिने कापड ताणावं तसा ताण घेतला. मी वाकले, कर्र वाजले, पण तुटले नाही. हातभर लांबीची मरळ पाळीवर येऊन लोकांच्या पायांत उड्या मारू लागली.

 मग बापूराव म्हणाले, "चुकून लागला. आंधळा असन एखादा. एकानं काही खरं ठरत नाई." आणि मित्रांनो, राग येतो सांगायला, आजूबाजूच्या कित्येक माना त्यावर हलल्या.

तेव्हा घाटावरून आवाज आला, "थांबा जरा." आशाबाई उठल्यासुद्धा नाहीत. हातातलं पातेलं बाजूला ठेवून त्यांनी पाण्यातला पाय हळूच मागे घेतला आणि अंगठ्याचा दोरा हातांनी ओढला. त्यांच्या दगडावर दुसरी मरळ येऊन पडली.

"हा बी आंधळाच असन!" आशाबाई म्हणाल्या.

मुखरूभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. "तू... हे कधीपासून करून राह्यली?"

"लगन होऊन आली तेव्हापासून. अन् तुमी तेव्हापासून खाऊन राह्यले!"

सगळी पाळ हसली. पण त्या हसण्यात घाटावरच्या आणखी दोघींनी आपापला एक पाय घाईघाईने लुगड्याखाली ओढून घेतला. ते गर्दीने पाहिलं आणि हसू थोडं आखडलं. कारण त्यांतली एक बापूरावांची बायको होती.

बापूरावांनी अखेरचा प्रयत्न केला. "असं असन तर थंडीत बी तलाव सगळ्याइले बंद कराव लागन."

"करा ना," आशाबाई म्हणाल्या. "पण मंग थंडीत ताटात मासा पाह्यजे म्हणून जेवाले बसू नका."

"बंद नाई करायचा!" हे मुखरूभाऊ बोलले, आणि एवढ्या ठामपणे बोलले की दुसऱ्या कोणाला बोलायची गरज उरली नाही. लोक पांगू लागले. पण नाहीद मला हातात घेऊन बापूरावांच्या वाटेत उभी राहिली. "भाऊ, मासा लागते हे तुमाले समजलं. आता माह्या अब्बाले सांगा, का पाण्यात औषध नव्हतं टाकलं. चावडीवर सांगतलं होतं तेवढ्याच मोठ्यानं सांगा." बापूरावांनी इकडेतिकडे पाहिलं. बायकोकडेही पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कमरुभाऊ, चूक आमची झाली." भाऊंनी डोळे पुसले. मी मात्र ताठ उभी होते. त्या दिवशी पोतं छत्र्यांनी इतकं भरलं, की नाहीदला परतीची अर्धी वाट चालावं लागलं.

पुढे नाहीदचं लग्न होऊन ती पोंभुर्ण्याला गेली. एसटीच्या खिडकीतून अर्धी बाहेर डोकावत मीही गेले. तिथल्या पाण्याचीही आम्हाला ओळख झाली. आता घरात एक नवी गरी आली आहे, चाक असलेली, रंगीत. परवा घरी आलेल्या एका पाहुण्यांनी मला हातात घेऊन म्हटलं, "किती जुनी आहे! शाळेच्या प्रदर्शनात काचेच्या कपाटात शोभेल." मित्रांनो, ते ऐकून माझा गळ शिवशिवला. ते पाहुणे थोडक्यात वाचले.

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. जपाच. माझ्या दांड्याला तेल द्या, वाळवी लागू देऊ नका, गळाला गंज चढू देऊ नका. हा माझा हक्क आहे, मी तो हात जोडून मागणार नाही. पण जपून ठेवाल आणि पाण्याला लावणार नाही, तर त्या जपण्याला मी जपणं म्हणत नाही. थंडी पडली, धुकं विरलं, ऊन गवताच्या कडेला आलं, की मला खाली काढा आणि काठावर घेऊन चला. बोटं गारठली तर काखेत दाबा. दोरा जड झाला तर थांबा. आणि तिथे एखादा शहाणा भेटला आणि म्हणाला, थंडीत मासा लागत नाही, तर त्याच्याशी मुळीच वाद घालू नका. त्याला संध्याकाळी जेवायला बोलवा.